मकाऊच्या मंडळीची पाळक

१९४१ सालच्या नाताळापर्यंत मकाऊतल्या मॉरिसन चॅपेलचं प्रभुभोजन हाँगकाँगहून येणाऱ्या बोटीवर अवलंबून होतं. हाँगकाँगचा अँग्लिकन पाळक पाणी ओलांडून यायचा, भाकर आणि द्राक्षारसावर आशीर्वाद मागून मंडळीला द्यायचा आणि परत जायचा. २५ डिसेंबरला हाँगकाँग जपानी सैन्याच्या हाती पडलं आणि ही ये-जा थांबली. मकाऊत उरली ती ३४ वर्षांची एक चिनी स्त्री. उपदेश करायला, बाप्तिस्मा द्यायला, मेलेल्यांना माती द्यायला तिला मुभा होती. प्रभुभोजनाचा विधी मात्र तिला करता येत नव्हता. तो अधिकार पाळकपणाची दीक्षा झालेल्याचाच, आणि अँग्लिकन पंथाच्या चारशे वर्षांत ती दीक्षा एकाही बाईला मिळालेली नव्हती.

तिचं नाव फ्लॉरेन्स ली टिम-ऑय. पुढच्या दोन वर्षांत जे घडलं त्यातून त्या अँग्लिकन पंथातल्या पहिल्या स्त्री पाळक झाल्या. ही हकिकत सहसा युद्धकाळातली अडचण म्हणून सांगितली जाते : पुरुष पाळक पोहोचू शकत नव्हता, म्हणून नाइलाजानं बाईला नेमलं. मला ही मांडणी अर्धवट वाटते. अडचण खरी होती, पण अडचण तर अनेक ठिकाणी होती. दीक्षा मिळाली ती एकीलाच, आणि का मिळाली हे समजून घ्यायचं तर मकाऊचे ते दिवस आणि त्या बाई, दोन्ही नीट पाहायला हवेत.

मकाऊ पोर्तुगीजांचं. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली चालत असे, तिथला कॅथलिक धर्मप्रांतही बराच काळ गोव्याच्या आर्चबिशपच्या छायेत होता. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला म्हणून गोवा तटस्थ आणि मकाऊही तटस्थ. गोव्यात या तटस्थतेचा अर्थ एवढाच, की मुरगाव बंदरात जर्मन जहाजं आसऱ्याला थांबली आणि १९४३ च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या माणसांनी छुपा हल्ला करून ती निकामी केली. मकाऊत अर्थ फार वेगळा होता. आजूबाजूचा सगळा मुलूख जपान्यांनी घेतलेला, मध्ये हे एवढंसं बेट-गाव शिल्लक. कँटनहून, आसपासच्या खेड्यांमधून, मग खुद्द हाँगकाँगमधून माणसं तिथे लोटली. वस्ती कित्येक पटींनी फुगली. तांदूळ बाहेरून यायचा तो येईना. लोक उपाशी मरू लागले, रस्त्यांवर प्रेतं पडू लागली.

मॉरिसन चॅपेलला स्वतःचा इतिहास होता. चीनमध्ये आलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी रॉबर्ट मॉरिसन यांच्या नावाचं हे छोटं उपासनालय, आणि त्याला लागूनच जुनी प्रॉटेस्टंट दफनभूमी. ही दफनभूमी एका बाईमुळे झाली. १८२१ मध्ये मॉरिसन यांची पत्नी मेरी बाळंतपणाच्या सुमारास वारली. कॅथलिक मकाऊत प्रॉटेस्टंट माणसाला पुरायला जागा नव्हती, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं जमीन विकत घेतली. बायबल चिनी भाषेत आणणारे मॉरिसन स्वतःही पुढे १८३४ मध्ये तिथेच पुरले गेले. भारतात वर्षानुवर्षं काम केलेला जॉर्ज चिनरी हा चित्रकारही तिथेच आहे. या दफनभूमीच्या शेजारी, उपाशी गावात, ली टिम-ऑय यांच्यावर निर्वासितांनी भरलेल्या मंडळीची जबाबदारी पडली. आजाऱ्यांकडे जाणं, पोरक्या मुलांची सोय लावणं, रविवारचा उपदेश, मृतांचे अंत्यविधी, सगळं त्यांच्याकडे. ज्या हातांनी मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घातलं, त्याच हातांनी त्याला प्रभुभोजन देता येत नव्हतं. हा प्रश्न ग्रंथालयात बसून कोणी काढलेला नव्हता.

ली टिम-ऑय यांचा जन्म ५ मे १९०७ चा, हाँगकाँगच्या अॅबर्डीन या कोळ्यांच्या वस्तीतला. मुलगी जन्माला आली की घर गप्प व्हायचं असा तो काळ, पण वडिलांनी तिचं नाव ‘आणखी एक लाडकी’ अशा अर्थाचं ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी फ्लॉरेन्स हे नाव स्वतः निवडलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरून. शिक्षण रखडत झालं. घरात मुलं बरीच होती आणि पैसा कमी. १९३१ मध्ये हाँगकाँगच्या सेंट जॉन्स कॅथेड्रलमध्ये एका इंग्रज स्त्रीचा डीकनेस म्हणून दीक्षाविधी होता. उपदेशकानं विचारलं, चिनी मंडळीच्या सेवेसाठी अशी एखादी चिनी मुलगी पुढे येईल का? समोर बसलेल्या टिम-ऑय यांना तो प्रश्न आपल्यालाच विचारलाय असं वाटलं. १९३४ मध्ये, २७ व्या वर्षी, त्या कँटनच्या युनियन थिऑलॉजिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि चार वर्षांनी बाहेर पडल्या. तोवर जपाननं चीनवर आक्रमण केलेलं होतं. कौलूनच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये त्यांनी मुख्य भूमीतून पळून आलेल्यांची सेवा केली, आणि १९४० मध्ये त्यांना मकाऊला पाठवण्यात आलं.

इथे दीक्षेच्या पायऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्यावर आहे. अँग्लिकन परंपरेत तीन पायऱ्या : डीकन, पाळक, बिशप. डीकन सेवा करतो, शुभवर्तमान वाचतो. पाळक प्रभुभोजनाचा विधी चालवतो आणि पापक्षमेची घोषणा करतो. दीक्षा द्यायची ती बिशपनं. स्त्रियांसाठी इंग्लंडमध्ये १८६२ पासून डीकनेस म्हणजे सेविका हे पद पुन्हा सुरू झालं होतं. पण ते डीकनच्या बरोबरीचं की निराळंच, यावर चर्चचं स्वतःचंच मत ठरत नव्हतं. जगभरचे अँग्लिकन बिशप त्या काळी साधारण दर दहा वर्षांनी लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात जमत. १९२० च्या परिषदेनं ही खरी दीक्षा आहे असं मानलं, १९३० च्या परिषदेनं तो शब्द मागे घेतला. ज्या संस्थेला बायकांना काय दिलं हेही नक्की सांगता येत नव्हतं, तिला काय देता येणार नाही याची मात्र पक्की खात्री होती.

२२ मे १९४१ ला, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, ली टिम-ऑय यांना डीकनेसची दीक्षा मिळाली. ती देणारे हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड ओवेन हॉल. पहिल्या महायुद्धात लढलेला हा माणूस १९३२ पासून त्या गादीवर होता, कामगारांच्या मुलांच्या शाळा आणि गरिबांची घरं यात बुडालेला. हाँगकाँग पडलं तेव्हा हॉल नेमके परदेशी होते, म्हणून कैदेतून वाचले. पुढे ते जपान्यांच्या ताब्याबाहेरच्या चीनमध्ये परतले आणि तिथून आपल्या तुटलेल्या धर्मप्रांताचा कारभार पाहू लागले. दरम्यान त्यांचे चिनी सहायक बिशप मोक यांनी मकाऊची गरज पाहून ली टिम-ऑय यांना डीकनेस असतानाच प्रभुभोजनाचा विधी करायची परवानगी देऊन टाकली होती.

हॉल यांच्यापुढे आता तीन वाटा होत्या. मंडळीला प्रभुभोजनाविना ठेवायचं, ही पहिली. मोक यांची परवानगी तशीच चालू द्यायची, म्हणजे दीक्षा नसलेल्या व्यक्तीनं पाळकाचा विधी करायचा, ही दुसरी. आणि तिसरी, त्यांना पाळक करायचं. इंग्लंडमध्ये बसलेल्याला दुसरी वाट सौम्य वाटली असती, तात्पुरती सोय म्हणून डोळेझाक करता आली असती. हॉल यांना मात्र तीच सर्वांत चुकीची वाटली. विधी महत्त्वाचा असेल तर तो करणाऱ्याला त्याची दीक्षा हवी. बाई ते काम करतेच आहे, मंडळी तिच्या हातून ते स्वीकारतेच आहे, मग तिला हक्क नाकारून काम तेवढं करून घ्यायचं, हे त्यांना पटेना. बायकांकडून काम घ्यायचं आणि पद द्यायचं नाही, ही सवय फक्त चर्चची नाही. ती ओळखून तिच्यापुढे न थांबलेला एक बिशप इथे भेटतो.

जानेवारी १९४४ मध्ये ली टिम-ऑय मकाऊहून निघाल्या. जपानी चौक्यांनी भरलेला मुलूख ओलांडून त्या शिनशिंग या लहान गावी पोहोचल्या, जे अजून जपान्यांच्या हाती पडलेलं नव्हतं. दुसऱ्या बाजूनं हॉल आले. तिथून दोघं झाओचिंगला गेले आणि २५ जानेवारीला हॉल यांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवून पाळकपणाची दीक्षा दिली. तो दिवस पौलाच्या मनपरिवर्तनाचा सण होता. बायकांनी मंडळीत गप्प बसावं, असं सांगण्यासाठी शतकानुशतकं ज्याच्या पत्रांचा आधार घेतला गेला, तोच हा पौल. रोमच्या मंडळीला लिहिताना किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची आदरानं शिफारस करणाराही तोच, पण त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते.

दीक्षेनंतर हॉल यांनी कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना पत्र लिहिलं. स्त्रीपुरुष समानतेचा झेंडा फडकवण्यासाठी हे केलेलं नाही, एवढं त्यांनी स्पष्ट केलं. मंडळीची गरज त्यांनी सांगितलीच, पण तिथे थांबले नाहीत. या बाईंच्या ठायी पाळकपणाचं दान आहे, आणि ते आपण दिलेलं नाही, आधीच दिलं गेलेलं आपण ओळखलं, असा त्यांचा सूर होता. त्यांचं नाव कर्नेलिया ठेवावं असं आपल्या मनात आलं होतं, पण मोह आवरला, असंही त्यांनी लिहिलं. ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचलेल्याला हा संदर्भ लगेच कळतो. कर्नेल्य हा रोमी शताधिपती, यहुदी नसलेला. त्याच्या घरात पाऊल ठेवायलाही पेत्र बिचकत होता. पण पेत्र बोलत असतानाच त्या परक्या घरातल्या माणसांवर पवित्र आत्मा उतरला, आणि देवानं ज्यांना आधीच आपलं म्हटलं त्यांना पाण्याचा बाप्तिस्मा नाकारणारा मी कोण, असा प्रश्न पेत्रापुढे उभा राहिला. हॉल स्वतःला पेत्राच्या जागी पाहत होते. म्हणूनच ‘युद्धाची अडचण’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. अडचणीनं प्रश्न उभा केला. उत्तर मकाऊतल्या बाईंच्या दोन वर्षांच्या कामानं दिलं.

ली टिम-ऑय मकाऊला परतल्या आणि युद्ध संपेपर्यंत पूर्ण हक्कानं पाळकाचं काम करत राहिल्या. मंडळीनं तक्रार केल्याची कुठे नोंद नाही. तक्रार आली ती हजारो मैलांवरून. टेंपल यांना हॉल यांचं हे एकट्यानं उचललेलं पाऊल मान्य नव्हतं, पण बायकांच्या दीक्षेविरुद्धचे धर्मशास्त्रीय मुद्दे त्यांना स्वतःलाही कच्चे वाटत असत. ऑक्टोबर १९४४ मध्ये ते वारले. त्यांच्या जागी जेफ्री फिशर आले, शिस्तीचे आणि नियमांचे. बातमी इंग्लंडच्या चर्चमध्ये पसरली होती आणि निषेधही सुरू झाला होता. चिनी अँग्लिकन मंडळीच्या बिशपांनीही हॉल यांच्या कृतीला मान्यता दिली नाही. हॉल मागे हटायला तयार नव्हते. मग दडपण त्यांच्यावरून सरकून, जिच्याकडे कुठलीच सत्ता नव्हती तिच्यावर आलं. १९४६ मध्ये ली टिम-ऑय यांना सांगण्यात आलं की एक तर त्यांनी पाळकाचं काम सोडावं, नाहीतर बिशपांना गादी सोडावी लागेल.

त्यांनी लगेच निर्णय घेतला. चीनच्या मंडळीला बिशप हॉल हवे होते, आपण कोण लागून गेलो, असं त्यांना वाटलं. पाळकाचं काम करण्याचा परवाना त्यांनी सोडला. दीक्षा सोडली नाही, आणि हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता. परवाना चर्च देतं आणि परत घेऊ शकतं. दीक्षा एकदा झाली की ती पुसता येत नाही, ही त्या चर्चची स्वतःची शिकवण. त्यामुळे फिशर यांच्या हाती लागलं ते एवढंच, की बाई विधी करणार नाहीत. पाळक त्या राहिल्याच. या प्रसंगाचं वर्णन नम्रतेचा धडा म्हणून केलेलं मी वाचलं आहे आणि त्यांची नम्रता मलाही थोर वाटते. पण ती नम्रता कोणी कोणाकडून मागितली याचा राग आल्याशिवाय राहत नाही. उपाशी गावातून एका मंडळीला पार नेणाऱ्या बाईंना, एका मोठ्या माणसाची गादी वाचवण्यासाठी, मागे सरायला सांगितलं गेलं.

मराठी वाचकाला इथे पंडिता रमाबाईंची आठवण यावी. त्याच अँग्लिकन चर्चमध्ये १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटिज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली : बाईनं पुरुषांपुढे उभं राहून शिकवणं भारतात गैर दिसेल म्हणून. कलकत्त्याच्या शास्त्र्यांपुढे संस्कृतात व्याख्यानं देऊन आलेल्या रमाबाईंना हे कळेना, आणि आपला विवेक आपण कोणा माणसाच्या हवाली केलेला नाही, हे त्यांनी वाँटिजच्या सिस्टरांना पत्रांतून वारंवार सुनावलं. रमाबाई भांडल्या आणि अखेर त्या चर्चच्या चौकटीबाहेर, केडगावला, आपलं काम उभं केलं. ली टिम-ऑय चौकटीत राहिल्या. पण दोघींपुढे उभी असलेली माणसं एकाच पदावरची होती आणि त्यांची भीतीही एकच होती.

हॉल यांनी परवान्याविनाच ली टिम-ऑय यांना व्हिएतनामच्या सीमेजवळच्या हपू गावातल्या सेंट बर्नाबस मंडळीचं प्रमुख नेमलं. तिथे त्यांनी प्रसूतिगृह सुरू केलं. जन्मलेली मुलगी नकोशी म्हणून तिथल्या तिथे मारली जाऊ नये, हा त्यामागचा एक उद्देश होता. बाळंतीण आपल्या डोळ्यांसमोर असेल तर मूल वाचेल, इतका साधा आणि पक्का हिशेब. चर्चच्या इतिहासात त्यांच्या नावापुढे १९४४ ची दीक्षा लिहिली जाते आणि ते योग्यच आहे, पण हपूत जगलेल्या मुली हाही त्यांच्या पाळकपणाचाच भाग होता.

१९४८ ला लॅम्बेथची परिषद भरली. चिनी मंडळीनं तिथे एक मर्यादित प्रस्ताव ठेवला : वीस वर्षं प्रयोग म्हणून योग्य डीकनेसना पाळकाची दीक्षा देऊ द्यावी, मग काय ते पाहू. परिषदेनं तो फेटाळला. परंपरेविरुद्ध आहे, पंथांच्या आपसातल्या संबंधांना बाधा येईल, अशी कारणं दिली गेली. जमलेले सगळे बिशप अर्थातच पुरुष होते. ज्यांच्याबद्दल ठरत होतं त्यांना त्या सभेत मत नव्हतं. प्रस्ताव एका आशियाई मंडळीकडून आला होता, जिनं आपल्या अनुभवातून तो मांडला होता, आणि नाकारणाऱ्यांत बहुतेक इंग्रजी भाषिक जगातले. हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण बायकांची दीक्षा ही पाश्चात्त्यांची फॅशन आहे, आशिया-आफ्रिकेच्या मंडळींवर लादलेली, असं आजही म्हटलं जातं. इतिहासाचा क्रम नेमका उलटा आहे.

पुढच्याच वर्षी चीनमध्ये सत्ता बदलली. मिशनरी गेले, परदेशी पैसा थांबला, मंडळ्या सरकारच्या देखरेखीखालच्या चळवळीत ओढल्या गेल्या. ली टिम-ऑय यांना नव्या विचारांचे धडे गिरवावे लागले आणि कबुलीजबाब लिहावे लागले. एका टप्प्यावर जीव द्यावा असं त्यांच्या मनात आलं. आपण पाळक आहोत, ही जाणीव त्यांना सावरून गेली. १९५८ च्या सुमाराला चर्चची दारं बंद होत गेली. त्यांना शेतावर कामाला धाडलं गेलं, कोंबड्या पाळायला. मग सांस्कृतिक क्रांती आली. रेड गार्ड्स घरात शिरले आणि त्यांनी ली टिम-ऑय यांना त्यांच्या उपासनेच्या वस्त्रांची कात्रीनं स्वतःच्या हातांनी चिंधड्या करायला लावली. फिशर यांनी परवाना काढून घेतला होता, या पोरांनी वस्त्रं. दोन्ही वेळा काम त्यांच्याच हातून करवून घेतलं गेलं.

बाहेरच्या जगाला त्यांची खबर नव्हती, पण त्यांच्या नावानं सुरू झालेला प्रश्न थांबला नव्हता. १९७१ च्या सुरुवातीला केनियातल्या लिमुरू इथे अँग्लिकन सल्लागार परिषद भरली. हाँगकाँगनं पुन्हा विचारलं : आमच्या बिशपनं बायकांना दीक्षा दिली तर चालेल का? या वेळी २४ विरुद्ध २२ मतांनी होकार मिळाला. इतक्या काठावरच्या मतांवर, त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला बिशप गिल्बर्ट बेकर यांनी हाँगकाँगमध्ये जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट यांना पाळक केलं. एक चिनी, एक इंग्रज. ली टिम-ऑय यांची दीक्षाही मान्य झाली, पण कोंबड्यांच्या शेतावरच्या बाईंना ते कळायला वर्षं जायची होती. अमेरिकेत २९ जुलै १९७४ ला फिलाडेल्फियात ११ स्त्रियांनी, निवृत्त बिशपांच्या हातून, परवानगीची वाट न पाहता दीक्षा घेतली, आणि दोन वर्षांत अमेरिकन चर्चला नियम बदलावा लागला. १९७६ च्या नोव्हेंबरात कॅनडानं दार उघडलं. त्याच वर्षी चर्च ऑफ साउथ इंडियानं एलिझाबेथ पॉल यांना दीक्षा दिली.

१९७९ मध्ये चीनमधली चर्च पुन्हा उघडू लागली आणि ली टिम-ऑय कँटनमध्ये उपासनेच्या कामाला परतल्या. काही वर्षांनी त्या कॅनडाला, टोरोंटोला गेल्या. तिथल्या चिनी मंडळीत त्या मानद सहायक पाळक झाल्या. १९४६ मध्ये सोडलेलं काम वयाच्या पंचाहत्तरीनंतर परवान्यासह पुन्हा हाती आलं. १९८४ मध्ये त्यांच्या दीक्षेला ४० वर्षं झाली म्हणून लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आभारप्रार्थना झाली. इंग्लंडच्या चर्चमध्ये अजूनही एकही बाई पाळक नव्हती. ज्यांच्या देशात त्यांचा सन्मान चालला होता, त्यांच्याच चर्चमध्ये त्यांची दीक्षा नियमात बसत नव्हती. फेब्रुवारी १९८९ मध्ये बॉस्टनमध्ये बार्बरा हॅरिस या कृष्णवर्णीय स्त्रीला बिशपची दीक्षा मिळाली, अँग्लिकन पंथातली पहिली स्त्री बिशप. त्या सोहळ्याला ली टिम-ऑय हजर होत्या.

२६ फेब्रुवारी १९९२ ला टोरोंटोत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला इंग्लंडच्या चर्चच्या महासभेनं स्त्रियांना पाळकाची दीक्षा द्यायला मान्यता दिली. दोन तृतीयांश मतं लागत होती. सामान्य सभासदांच्या सभागृहात ती दोनच मतांच्या फरकानं जमली. १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये पहिल्या ३२ जणी पाळक झाल्या. २०१३ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियानं आंध्रातल्या नंद्याळच्या गादीवर पुष्पा ललिता यांना बसवलं, त्या मंडळीच्या पहिल्या स्त्री बिशप. इंग्लंडमध्ये पहिली स्त्री बिशप व्हायला २०१५ उजाडलं. अमेरिकेचं एपिस्कोपल चर्च आता २४ जानेवारीला ली टिम-ऑय यांचा स्मृतिदिन पाळतं, आणि त्यांच्या नावाची एक संस्था आशिया-आफ्रिकेतल्या, शिकण्याची ऐपत नसलेल्या स्त्रियांना मंडळीच्या कामाचं शिक्षण घ्यायला पैसे देते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. फिशर यांच्या त्या गादीवर येणारी ही पहिली स्त्री, आणि चर्चमध्ये येण्यापूर्वी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या परिचारिकांची प्रमुख. पंथातल्या पुराणमतवादी गटानं, गॅफकॉननं, त्याच महिन्यात या निवडीला विरोध जाहीर केला. पंथातल्या बहुसंख्यांना स्त्री बिशप मान्य नाही आणि या निवडीमुळे मंडळी फुटेल, ही त्यांची काही कारणं. रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी तेव्हा या विरोधाचं नेतृत्व केलं, आणि सिडनीसारख्या धर्मप्रांतात आजही बाईला पाळकाची दीक्षा मिळत नाही.